पोलीस म्हणाले ‘ही दिवाणी बाब आहे’, मग आता काय?

प्रश्न असा आहे: ओळखीतल्या एकाला धंदा सुरू करायला चार लाख रुपये दिले. अडीच वर्षं होत आली. आधी ‘देतो, देतो’ म्हणत होता, आता फोनच उचलत नाही. पोलीस स्टेशनात गेलो तर साहेबांनी ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ म्हणून वाटेला लावलं. चार लाख बुडवणं हा गुन्हा नाही तर काय? आणि दिवाणी-फौजदारीत नेमका फरक तरी काय?

उत्तराआधी मीच तुम्हाला एक विचारतो. पैसे घेतले त्या दिवशी तो माणूस खरंच धंदा टाकणार होता, की धंदा हे नुसतं निमित्त होतं? आणि जे काही होतं, ते तुम्ही कशावरून सांगाल? तुमचं प्रकरण फौजदारीत टिकेल की नाही ते बहुतेक इथेच ठरतं. रक्कम किती मोठी, तो किती उर्मट, तुम्हाला किती मनस्ताप झाला, याचा त्याच्याशी फार थोडा संबंध.

उसने पैसे परत न करणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या पक्षकाराला हे पटवताना अर्धा तास जातो. गुन्हा आहे तो फसवणुकीचा. पूर्वी त्याला भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागायचं, म्हणून तर ‘चारसोबीस’ हा शब्द घरोघरी पोचला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ४२० ची जागा कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमाने घेतली. जास्तीत जास्त शिक्षा तीच, सात वर्षं. तुमचा व्यवहार त्या तारखेआधीचा असेल तर मात्र अजूनही जुनं ४२०च लागेल. आकडे बदलले तरी गाभा १८६० पासून तोच आहे: पैसे घेतानाच ते परत न करण्याचा इरादा हवा. सुप्रीम कोर्टाने हृदयरंजन प्रसाद वर्मा प्रकरणात २००० साली हेच स्पष्ट केलं. नंतर धंदा बुडाला, नियत फिरली, तोंड चुकवायला लागला, तर तो झाला करारभंग, आणि करारभंगाची दाद दिवाणी कोर्टात.

आता इरादा काही कपाळावर लिहिलेला नसतो. तो आजूबाजूच्या गोष्टींवरून काढावा लागतो. त्याने तुम्हाला दुकानाचा भाडेकरार दाखवला होता आणि मूळ मालक म्हणतो की असा करार मी केलाच नाही, तर तो कागद सोन्यासारखा. मशीन घ्यायचं म्हणून पैसे घेतले आणि त्याच आठवड्यात तीच रक्कम दुसरीकडे वळवली, मशीनचं साधं कोटेशनही कुठे मागितलेलं नाही, तरी काहीतरी हाती लागतं. याच गोष्टी सांगून त्याने आणखी तिघांकडून पैसे उचलले असतील तर पोलिसांचाही सूर बदलतो. पण त्याने पहिले आठ महिने ठरल्याप्रमाणे हप्ते दिले आणि मग थांबला, तर ते आठ हप्ते त्याच्याच बाजूने बोलतात. आरोपीचा वकील उभा राहून एवढंच म्हणेल, ‘द्यायचंच नव्हतं तर आठ महिने दिले कशाला?’

म्हणजे पोलिसांनी तुम्हाला सांगितलं ते कदाचित बरोबरही असेल. कदाचित टाळाटाळही असेल. पोलीस स्टेशनात ‘दिवाणी बाब’ हे शब्द दोन्ही अर्थांनी वापरले जातात.

आता फरकाकडे येतो. सगळ्यात मोठा फरक म्हणजे भांडण कोणाचं. दिवाणी दाव्यात तुम्ही वादी, तो प्रतिवादी. दावा तुमचा, पुरावा तुम्ही आणायचा, कोर्ट फी तुम्ही भरायची, आणि उद्या तडजोड झाली तर दावा काढून घेणारेही तुम्हीच. मागणी ठोस असते: इतके रुपये द्या, जमिनीचा ताबा द्या, वाटप करा, भिंत बांधू नका. फौजदारी खटल्यात पहिल्या पानावर महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक असं असतं. तुम्ही फिर्यादी, म्हणजे खरं तर सरकार पक्षाचे एक साक्षीदार. खटला सरकारी वकील चालवतात, तपास पोलीस करतात, आणि शेवटी काही निघालं तर शिक्षा निघते. तुमचे चार लाख तुम्हाला परत मिळवून देणं हे त्या खटल्याचं मुख्य काम नाही. कोर्ट नुकसानभरपाई देऊ शकतं, देतंही, पण तिच्यावर विसंबून फिर्याद देऊ नका.

म्हणूनच ‘आधी गुन्हा नोंदवू, पैसे आले की केस मागे घेऊ’ हे गणित कागदावर सोपं दिसतं तेवढं सोपं नाही. पोलिसांनी दाखल केलेला खटला फिर्यादीच्या मर्जीने बंद होत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात तडजोड चालते, पण कोर्टाच्या परवानगीने. ज्या कलमांत तडजोड चालतच नाही तिथे गुन्हा रद्द करून घ्यायला दोघांनी हातात हात घालून हायकोर्टाची पायरी चढायची, म्हणजे पुन्हा खर्च आलाच.

दुसरा फरक पुराव्याच्या वजनाचा. दिवाणीत न्यायाधीश तराजू धरून बसलेले असतात. कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय, पारडं कोणीकडे झुकतं, एवढंच बघायचं. फौजदारीत वाजवी संशय उरता कामा नये. उरला तर त्याचा फायदा आरोपीला. समजा तुमच्याकडे त्याच्या सहीची चिठ्ठी आहे आणि तो म्हणतो, सही माझी पण कोऱ्या कागदावर घेतली. दिवाणीत न्यायाधीश विचारतील, मग तू तेव्हा तक्रार का नाही केलीस? अडीच वर्षं गप्प का बसलास? उत्तर धड नसेल तर पारडं तुमच्याकडे. फौजदारीत हीच सबब थोडीशी जरी खरी वाटली तरी तो सुटू शकतो. रस्त्यावरच्या अपघाताच्या प्रकरणांत तर हे नेहमी दिसतं: ड्रायव्हर फौजदारीत निर्दोष सुटतो आणि त्याच अपघातासाठी दावा न्यायाधिकरण मयताच्या वारसांना भरपाई मंजूर करतं. लोकांना वाटतं कोर्टं एकमेकांच्या विरुद्ध वागली. तसं नसतं, दोन्हीकडची मापं वेगळी.

यातलाच एक भाग लोकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे गप्प बसण्याचा हक्क. संविधानाच्या अनुच्छेद २० मुळे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आरोपीने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर साक्ष दिल्याची उदाहरणं मी माझ्या वकिलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. दिवाणीत असं दडून चालत नाही. प्रतिवादी साक्षीला आलाच नाही तर त्याचं म्हणणं खोटं असावं असा तर्क न्यायाधीश करू शकतात. विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निकालाचा दाखला आम्ही त्यासाठी वरचेवर देतो. आणि तो आला की त्याचा उलटतपास घ्यायला मिळतो. ‘हे चार लाख तुमच्या खात्यावर आले की नाही? कशाचे म्हणून आले?’ एवढ्या दोन प्रश्नांत दाव्याचं निम्मं काम झालेलं मी पाहिलं आहे.

पोलिसांबद्दल थोडक्यात. फसवणूक हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकमाची वाट न बघता तपास करू शकतात असा, आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिता कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ठरवलं. मात्र त्याच निकालात पैशाच्या व्यवहारांसारख्या काही प्रकारांत आधी प्राथमिक चौकशी करायची मोकळीक ठेवली आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांत संपवायची चौकशी आहे. ठाण्यात घेतलं नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा, आणि तरीही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. ठाण्यातून तुम्हाला एन.सी.चा कागद दिला असेल तर तो अदखलपात्र नोंदीचा असतो. त्यावर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. अनेकजण तो कागद घडी घालून ‘केस केली’ म्हणून वर्षभर खिशात घेऊन फिरतात.

गुन्हा नोंदला तरी तो शेवटपर्यंत जाईलच असं नाही. खटला न भरता तपास बंद करायचा असेल तर आपल्याकडे पोलीस कोर्टाला ए, बी आणि सी अशा समरी, म्हणजे अहवाल, पाठवतात. ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, बी म्हणजे फिर्याद खोटी, आणि सी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. उसनवारीच्या कितीतरी फिर्यादींचा शेवट सी समरीत होतो.

आणि तोवर तुमची खरी कमाई हातातून निसटत असते, ती म्हणजे मुदत. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. मुदतीच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणे, पैसे वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. परतीची तारीख ठरलेली असेल तर ही तीन वर्षं सर्वसाधारणपणे त्या तारखेपासून मोजतात. पण ‘जमेल तसे दे’ किंवा ‘मागेन तेव्हा दे’ म्हणून दिलेल्या पैशांची मुदत पैसे दिले त्याच दिवशी सुरू होते. तुम्ही मागितले त्या दिवसापासून नव्हे. पोलीस ठाण्यात घातलेल्या फेऱ्यांनी ही घड्याळाची टिकटिक थांबत नाही. तुमची अडीच वर्षं झाली म्हणता. म्हणजे कदाचित सहाच महिने उरलेत.

एक पक्षकार माझ्याकडे आले तेव्हा तीन वर्षं उलटून दोन महिने झाले होते. या काळात त्यांनी ठाण्यात तीन वेळा अर्ज दिले होते, तिन्हींची पोच व्यवस्थित फायलीत लावलेली. माझ्या दृष्टीने ती फाईल निकामी होती. निघता निघता त्यांनी खिशातून एक वहीचं पान काढलं. ‘याचा काही उपयोग आहे का?’ त्यावर त्या माणसाच्या हातची एक ओळ होती: ‘आपल्याकडून घेतलेले पैसे पुढच्या डिसेंबरपर्यंत देतो’, खाली सही आणि तारीख. तारीख पहिल्या तीन वर्षांच्या आतली होती. मुदत चालू असताना देणेकऱ्याने सही करून देणं कबूल केलं की त्या दिवसापासून पुन्हा नवी मुदत सुरू होते. दावा लागला तो त्या एका ओळीवर. तुमच्या माणसाकडून अशी ओळ मिळत असेल तर आजच घ्या. गोड बोलून घ्या, भांडून ती मिळत नाही. मुदत संपल्यावर लिहून घ्यायची वेळ आली तर नुसती कबुली पुरत नाही, ‘देईन’ असं स्पष्ट वचन सहीनिशी लागतं.

चेक दिला असेल तर गोष्ट निराळी, आणि तुमच्या दृष्टीने बरीच बरी. १८८१ च्या पराक्रम्य संलेख अधिनियमाचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं) कलम १३८, म्हणजे चेक न वटण्याचं कलम, हे दिवाणी आणि फौजदारीच्या सीमेवर उभं आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला लांडग्याचं कातडं पांघरलेली मेंढी म्हटलं, फौजदारी लांडगा आणि दिवाणी मेंढी. इथे पहिल्या दिवशीचा इरादा सिद्ध करत बसावं लागत नाही. चेकवरची सही कबूल असेल तर चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट धरून चालतं, आणि तसं नाही हे त्याने दाखवायचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फिर्याद तुमचं खातं असलेल्या बँकेच्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात करायची.

पण तारखा काटेकोर. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकलेला हवा. समजा ४ मार्चला बँकेने ‘शिल्लक अपुरी’ म्हणून मेमो हातात दिला. तिथून तीस दिवसांत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत, लेखी नोटीस गेली पाहिजे. त्याला ती १० एप्रिलला मिळाली तर पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, २५ एप्रिलपर्यंत. नाही दिले तर २६ एप्रिलपासून महिन्याच्या आत फिर्याद; मी २५ मेची वाट न बघता मधल्याच आठवड्यात दाखल करतो. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीचे तीस दिवस हुकले तर त्या मेमोवर काही करता येत नाही. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकायचा, एवढाच मार्ग उरतो.

आता दिवाणी दावा कसा चालतो. वादपत्र दाखल झालं की प्रतिवादीला समन्स जातं, त्याने तीस दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, जास्तीत जास्त नव्वद. मग वादाचे मुद्दे ठरतात, सरतपास (आपल्याच बाजूच्या साक्षीदाराची साक्ष), उलटतपास, युक्तिवाद. वर्षं जातात हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे वचनचिठ्ठी, चेक किंवा ठरलेल्या रकमेचा लेखी करार असेल तर वकिलाला समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, लावता येईल का ते जरूर विचारा. त्यात बचाव करायचीच परवानगी प्रतिवादीला कोर्टाकडून मागावी लागते. तो घर विकून पसार होण्याच्या बेतात आहे असं दाखवता आलं तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज करता येतो. नुसती भीती पुरत नाही. ‘विकणार आहे असं ऐकलं’ या वाक्यावर कोणी जप्ती देत नाही, जाहिरात किंवा इसारपावती लागते.

निकाल लागला तरी पैसे आपोआप येत नाहीत. हुकूमनामा, म्हणजे निकालाचा कोर्टाचा आदेश, घेऊन पुन्हा दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करायची, तिला मुदत बारा वर्षं. त्याची मालमत्ता कुठे, खातं कोणत्या बँकेत, हे तुम्ही शोधून द्यायचं, बेलिफ ते शोधत बसत नाही. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. शेवटचा उपाय दिवाणी तुरुंगाचा. ऐपत असून देत नाही हे सिद्ध झालं तर पाच हजारांवरच्या हुकूमनाम्यासाठी तीन महिन्यांपर्यंत त्याला आत ठेवता येतं, मात्र बाईला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही. आणि तो आत असेतो त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता भरायचा तुम्ही. पक्षकारांना हे सांगितलं की आधी हसतात, मग गप्प होतात.

दोन्ही मार्ग एकाच वेळी चालतात का? चालतात. फौजदारी आधी चालावी असं १९५४ च्या एम. एस. शरीफ निकालापासून सर्वसाधारणपणे मानलं जातं, पण तो दगडावरचा नियम नाही, आणि एका कोर्टाचा निष्कर्ष दुसऱ्यावर आपोआप बांधील नसतो. फक्त वसुलीसाठी दबाव म्हणून गुन्हा नोंदवला असं दिसलं तर मात्र उलटतं. इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या २००६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या प्रवृत्तीवर कडक ताशेरे मारले, आणि एप्रिल २०२५ मध्ये सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या खंडपीठाने दिवाणी वादांचे गुन्हे बनवण्यावरून उत्तर प्रदेश पोलिसांना झापलं.

दोन्ही करणार असाल तर एक सांभाळा. पोलिसांकडच्या अर्जात आणि दाव्यात गोष्ट एकच हवी. रागाच्या भरात अर्जात लोक लिहितात, ‘भागीदारीत धंदा करू म्हणून पैसे घेतले’, आणि दाव्यात लिहितात, ‘हातउसने दिले’. उलटतपासात पहिला कागद तोच पुढे येतो. भागीदारी म्हटलं की तोट्यातही वाटा आला, हिशोबाचा दावा आला, आणि उसनवारीची सरळ वसुली गेली. तसंच व्याजाचं: तुम्ही व्याजाने पैसे लावण्याचाच धंदा करता असं समोरच्याने दाखवलं आणि तुमच्याकडे परवाना नसला, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली कोर्ट हुकूमनामा देत नाही, शिवाय गुन्हा तुमच्यावर. ओळखीत एकदा दिलेले उसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे, पण चारचौघांना असे दिले असतील तर वकिलापासून लपवू नका. रक्कम रोखीने दिली असेल तर तेही आधीच सांगा. वीस हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि समोरचा वकील तो प्रश्न विचारणारच.

तेव्हा आज संध्याकाळी पासबुक काढा, पैसे गेल्याची नेमकी तारीख एका कागदावर लिहा, तिच्याखाली त्याने काही परत केलं असेल तर त्या तारखा, त्याच्या मेसेजच्या तारखा, आणि तीन वर्षं पुरी होण्याची तारीख. मेसेज फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका, पुढे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात आणावे लागतील. तो कागद घेऊन वकिलाकडे जा. तीन महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर नोटिशीच्या उत्तराची वाट बघत बसू नका, कारण खाजगी माणसावर पैशाचा दावा लावायला आधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायद्यात नाही.